नऊ दिवसांत स्कीइंगही आणि शिखरही?

वाचकाचं पत्र :

ताई, मी अमळनेरचा, वय 26, नोकरी धुळ्याला. आम्ही चार मित्र आहोत. दोघं अमळनेरचे, एक शिरपूरचा, एक धडगावचा. सुट्टी मिळाली की डोंगरात असतो. साल्हेर, तोरणमाळ, पाटणादेवीजवळचा कन्हेरगड झाला, अस्तंब्याची यात्रा तर दरवर्षी असते. बर्फ मात्र चौघांपैकी एकानेही पाहिलेला नाही. फेब्रुवारीत नऊ दिवस रजा मिळतेय. एका एजंटने पॅकेज दिलंय : तीन दिवस गुलमर्गला स्कीइंग, मग मनालीला येऊन फ्रेंडशिप पीक. माणशी पंचेचाळीस हजार. 'अनुभवाची गरज नाही, फिटनेस असला की झालं,' असं तो म्हणतो. अर्धे पैसे याच आठवड्यात भरायचे आहेत. घरी आई ऐकूनच घेत नाही. 'तठे बरफमा काय ठेयेल शे?' एवढंच विचारते. बूट-जॅकेट कोणतं घ्यावं आणि आईला कसं पटवावं, ते सांगाल का?

उत्तर :

भाऊ, पैसे भरू नकोस. निदान या पॅकेजचे तरी नको. बूट, जॅकेट आणि आई या तिन्ही गोष्टींवर बोलूच, पण आधी हे, कारण तुझ्या हातात एकच आठवडा आहे.

जायलाच नको, असं मी म्हणत नाही. जा, नक्की जा. तापीकाठच्या पोरांनी बर्फात पाय रोवावेत, दोरावर चढावं, हे मला मनापासून हवं आहे. पण स्कीइंग आणि शिखर ही दोन वेगवेगळी शिक्षणं आहेत, त्यांचे हंगाम वेगळे आणि जागाही वेगळ्या. तुमच्या नऊ दिवसांत त्यातलं एकच नीट बसतं. या फेब्रुवारीत स्की शिका. शिखराचं पुढच्या वर्षी, रीतसर कोर्स करून.

आधी नकाशा बघ. गुलमर्ग आणि मनाली कागदावर वीतभर अंतरावर दिसतात. मधे पीर पंजालच्या रांगा आहेत. हिवाळ्यात गुलमर्गहून श्रीनगर, जम्मू, पठाणकोट, मंडी असा वळसा घालून मनालीला यावं लागतं. रस्ता उघडा असला तरी त्यात दोन दिवस सहज जातात. आणि फेब्रुवारीत जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने किंवा दरडीने बंद पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. जळगाव-भुसावळहून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला नेते, सोय चांगली आहे, पण जाण्यायेण्यात तीनेक दिवस मोडतात. नऊ वजा तीन, वजा दोन. उरलेल्या चार दिवसांत हा माणूस तुम्हांला स्कीइंग शिकवून 5,289 मीटरच्या शिखरावर चढवणार आहे. हा हिशेब त्याच्यासमोर मांड आणि तो काय म्हणतो ते ऐक.

फ्रेंडशिप पीकवर लोक साधारण मे-जूनमध्ये, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जातात. फेब्रुवारीत सोलंगच्या वरची ती सगळी खोरी ताज्या बर्फाखाली असतात आणि दोन्ही बाजूंचे उतार हिमस्खलनाचे. 'सोपं शिखर' हे नाव त्याला पडलंय ते चढाईत फार अवघड कडे नाहीत म्हणून. उंची, थंडी आणि घसरणारा बर्फ मात्र तिथेही तेवढाच. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा-2' शिखराजवळ हिमस्खलन झालं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत कोर्सची तुकडी होती, सोबत प्रशिक्षक होते, दोर-हार्नेस होते. तरी 29 जण गेले. त्यात एव्हरेस्ट चढून आलेली सविता कंसवालही होती. तुला घाबरवायला हे सांगत नाही. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात चालण्यासाठी बुटाखाली बांधायचे टोकदार काटे, कधीही न घातलेल्या चौघांना भर हिवाळ्यात वर नेतो म्हणणारा माणूस काय बोलतोय, याचा अंदाज तुला यावा म्हणून सांगते.

आता 'फिटनेस असला की झालं' या वाक्याकडे येऊ. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आला.

तुम्ही फिट असणार, मला शंका नाही. रात्रभर चालून अस्तंबा गाठणाऱ्या पोरांच्या पायात दम असतोच. पण अस्तंबा 1,325 मीटर आहे, साल्हेर 1,567. आपली तापीखोऱ्यातली गावं समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. गुलमर्ग 2,650 मीटरवर, म्हणजे ते गाव जिथे वसलंय तीच जागा साल्हेरच्या माथ्यापेक्षा हजार मीटरने उंच. जसजसं वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजनही. पाच हजारांच्या वर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण स्वतःच्या वेगाने : आधी श्वास वाढतो, मग रक्ताचं रसायन बदलतं, तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. केळीचा घड रात्रीतून पिवळा करता येतो, रक्ताला तसं करता येत नाही. आणि व्यायामाने तयार झालेल्या पोरांना उंची कमी बाधते, असंही नाही. उलट अशी पोरं भरभर वर जातात, डोकं दुखलं तरी बोलत नाहीत आणि जास्त अडकतात.

साधारण 2,500 मीटरनंतर हा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. तीन हजारांच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा, असा नियम आहे. या हिशेबाने त्या शिखरासाठी सवय व्हायलाच आठवडा हवा. एजंटकडे तो नाही.

डोकं दुखतंय तोवर वर जायचं नाही. विश्रांतीनेही उतरत नसेल तर खाली यायचं. माणूस झिंगल्यासारखा चालू लागला, सरळ रेषेत टाच-अंगठा लावून चालता येईना, असंबद्ध बोलू लागला तर मेंदूला सूज येतेय. बसल्याजागी धाप लागते, खोकला थांबत नाही, फेस येतो, तर फुप्फुसात पाणी भरतंय. दोन्ही वेळा सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी त्याला खाली उतरवायचं. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, जिला सगळे डायमॉक्स म्हणतात, ती शरीराला सवय करून घ्यायला मदत करते. पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगायचं. आणि दारू नाही. थंडीत 'गरम' म्हणून घेतलेला पेग अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि झोपेत श्वास मंदावतो.

यापुढचं जरा सावकाश वाच.

तुझा एक मित्र धडगावचा आहे असं तू लिहिलंस. नंदुरबार आणि एकूणच सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे, हे आपल्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. पण सिकलसेल आणि उंची यांचं नातं फार कमी लोकांना माहीत असतं, आणि कोणत्याही पॅकेजच्या कागदावर ते छापलेलं नसतं. ज्यांना आजार आहे, म्हणजे रिपोर्टवर 'एसएस' येतं, त्यांच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. उंचीवर ऑक्सिजन कमीच असतो. अशा माणसाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गुलमर्गच्या उंचीलाही जाऊ नये. जे फक्त वाहक आहेत, रिपोर्टवर 'एएस', ते एरवी ठणठणीत असतात. त्यांना आयुष्यभर कळतही नाही. बहुतेकांना डोंगरातही काही होत नाही. पण उंची, अंगातलं पाणी कमी होणं आणि दमछाक हे तिन्ही एकत्र आलं तर काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली जोरात कळ येते, उलटी होते. लोक पोट बिघडलं म्हणून अँटासिड देतात आणि वेळ जातो. डाव्या बाजूची अशी कळ उंचीवर आली तर लगेच खाली आणायचं, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात 'हा सिकलसेलचा वाहक आहे' हे सांगायचं.

म्हणून चौघांनीही तपासणी करा. एकट्या धडगावच्या मित्राला पुढे करू नका. सिकलसेल काही जात बघून येत नाही, बिगरआदिवासी घरांतही तो सापडतो. शिवाय एकट्याला तपासायला पाठवणं त्याला बोचेल. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्कं करतात. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची असं ठरलेलं आहे, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायला अजिबात संकोच नको. सोबत हिमोग्लोबिन आणि बीपीही बघून घ्या. हे तिकिटांच्या आधी. कुणाचा रिपोर्ट वाहक आला तर त्याला वगळायचं असं नाही. डॉक्टरांशी बोलायचं, पाणी भरपूर पाजायचं, पहिले दोन दिवस दमवायचं नाही आणि ही गोष्ट चौघांनाही माहीत असायची.

आता स्कीइंगकडे. एकच जागा धरा. तीन नावं सांगते. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. मनालीला 1961 पासून चालू असलेली, आता अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची, गिर्यारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर कोर्स घेते. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा औलीला जाणारा रोपवे बंद केला होता, त्यामुळे तिथे जाणार असाल तर रस्त्याने जाण्याचाच बेत ठेवा. सरकारी संस्थांत स्की, बूट, प्रशिक्षक आणि बहुतेक ठिकाणी राहणं-जेवणं फीमध्येच येतं, आणि खासगी पॅकेजपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. जागा लवकर भरतात. आजच फोन करा. या हंगामाच्या जागा संपल्या असतील तर गुलमर्गला पर्यटन खात्याकडे नोंद असलेला प्रशिक्षक सलग पाच-सहा दिवसांसाठी ठरवा. ओळखपत्र मागा, त्यात संकोच कसला?

मला विचारशील तर नऊ दिवसांत गुलमर्गच घे. भुसावळहून रेल्वेने दिल्ली, तिथून विमानाने श्रीनगर. रेल्वेचाच मोह असेल तर जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला गाडी सुरू झाली आहे, चिनाबवरच्या पुलावरून जाते. परतताना तसं करा, एक दिवस जास्तीचा ठेवून. श्रीनगर 1,585 मीटरवर आहे. तिथे एक रात्र काढा, सरळ वर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी टंगमर्गपर्यंत गाडी. ताजा बर्फ पडला असेल तर पुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटात चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागते.

एक गोष्ट जाण्याआधीच करून ठेव : पोस्टपेड सिम. आपल्याकडची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. चौघांपैकी दोघांकडे तरी पोस्टपेड हवं. पहिल्याच रात्री फोन लागला नाही की तुझ्या आईची सगळी भीती खरी ठरेल.

हिमाचा भरवसा मात्र कुणी देऊ शकत नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, लोक मातीत उभं राहून फोटो काढत होते. 2025 च्या फेब्रुवारीत बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. चिल्ले कलां, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतात. त्यानंतरचा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा नवशिक्यांसाठी एरवी चांगला. हॉटेलच्या बुकिंगमध्ये तारीख बदलता येते का, ते बघूनच पैसे भर.

स्कीइंग शिकताना पहिला दिवस कसा असतो, ते सांगते, कारण रील्समध्ये तो कुणी दाखवत नाही.

स्की-बूट प्लास्टिकचा, कडक, गुडघ्याच्या खाली अर्ध्या पोटरीपर्यंत येतो. त्यात मोजे एकच घालायचे, लांब आणि पातळ. थंडी म्हणून दोन जोड घातले की आत सुरकुती पडते, फोड येतो, शिवाय रक्त अडून बोटं जास्त गार पडतात. बूट आवळून उभं राहिलं की नडगी पुढच्या जिभेला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा, लाजू नका. मग तळव्याला चिकटलेला बर्फ स्कीच्या काठीने खरवडून काढायचा, नाहीतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, बसत नाही. आधी बोटांकडची बाजू आत सरकवायची, मग टाच खाली दाबायची. खट् असा आवाज आला पाहिजे. आणि भाड्याने देणाऱ्याला आपलं वजन खरं सांगायचं, कारण बाइंडिंग किती जोरात सुटावं हे त्यावर ठरतं. ते वेळेवर सुटलं नाही तर सुटतो तो गुडघा.

त्यानंतर अख्खा सकाळचा वेळ एका पायात स्की घालून सपाटीवर सरकण्यात जातो. मग आडवं उभं राहून पायरी-पायरीने दहा-पंधरा फूट चढायचं आणि खाली घसरायचं. थांबायचं कसं? दोन्ही स्कींची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली, गुडघे किंचित वाकलेले, अंगाचा भार पुढे. घाबरलेला माणूस हमखास मागे झुकतो आणि मागे झुकला की स्की आणखी पळतात. तोल जातोय असं वाटलं तर कडेला, चढाच्या बाजूला बसकण मारायची. हात मागे टेकायचे नाहीत. काठीच्या पट्ट्यात अंगठा अडकवून पडणाऱ्यांचा अंगठा मुरगळतो. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या आणि मग उठायचं. हे पडणं-उठणं पहिले दोन दिवस इतकं होतं की मांड्या पेटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वळण जमतं. तिथून पुढचा आनंद तुझा तूच घे. तीन दिवसांच्या पॅकेजमध्ये माणूस नेमका या वळणाआधी सामान बांधतो, माझं मुख्य दुखणं हेच आहे.

गुलमर्गचा गंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, दोन टप्प्यांत जातो. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण 3,950 मीटरला. तिकिटं ऑनलाइन असतात आणि लवकर संपतात. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. शेवटच्या एखाद्या दिवशी बघायला म्हणून वर जा, पण स्की घेऊन वरून उतरायला अजिबात नको. तिथला उतार नवशिक्यांसाठी तयार केलेला नाही, मोकळा डोंगर आहे. 2023 च्या फेब्रुवारीत तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. ही माणसं आयुष्यभर स्की केलेल्या देशांतली. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, रोज सकाळी ते बघायची सवय लावून घ्या. प्रशिक्षक 'आज इथपर्यंतच' म्हणाला की तिथपर्यंतच.

आता बूट-जॅकेट. तुम्हांला फार खरेदी करायची गरज नाही. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट तिथे मिळतं, जाड जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँटसुद्धा भाड्याने मिळते. स्वतःचं घ्यायचं ते अंगाला लागणारं : थर्मलचे दोन जोड, फ्लीस, चांगले वॉटरप्रूफ ग्लोव्हज, लांब मोजे, कानटोपी, गॉगल. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, सुती बनियनशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण तिथे सुती कपडा अंगाला लावू नका. घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबलात की अंगातली ऊब शोषून घेतो. सिंथेटिक किंवा लोकर. जीन्स तर बॅगेतच नको.

आणि उन्हाला हलकं घेऊ नका. मे महिन्यात 45 अंश सोसणारी पोरं म्हणतात, आम्हांला काय ऊन लागणार? ते ऊन वेगळं आहे. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत खालून परत तोंडावर फेकतो. नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखाली कातडी जळते. गॉगल न लावता दिवस काढला की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उघडवत नाहीत. सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी, ओठांनाही.

खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांची टोपली) किंवा गॅसचा हीटर असेल तर तो पेटता ठेवून, खिडक्या बंद करून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंथरूण-पांघरूण वाढवून मागा.

खाण्याचं एक सांगते. उंचीवर भूक मंदावते, मग ओळखीची चव असली की दोन घास जातात. शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, बिबडे, थोडी शेव न्या. शेवभाजीचा तो झणझणीत रस्सा मात्र परत आल्यावर. पाणी सतत प्या, थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच असतं.

तयारीला दोन महिने धर. लळिंगचा किल्ला तुझ्या धुळ्याजवळच आहे. आठवड्यातून दोनदा दहा किलोची सॅक घेऊन चढ, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष दे, स्कीला मांड्यांचं तेच बळ लागतं. भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्यासारखं अधांतरी मिनिट-दोन मिनिटं बसायचं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. त्या पहाटे बाहेर पडून ग्लोव्हज घालून चेन लावणं, बाटलीचं झाकण उघडणं करून बघ. हास्यास्पद वाटेल, पण तिथे पहिल्या दिवशी याच गोष्टींनी माणूस वैतागतो. प्रवासाचा विमा घेताना स्कीइंग त्यात धरलं आहे का, ते लेखी बघा. साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ते वगळलेलं असतं.

आणि आई. तिला पटवायला युक्ती नको. तिने प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर दे. बर्फात काय ठेवलंय, हे तू तिला अजून सांगितलेलंच नाहीस, फक्त परवानगी मागितलीस. तिच्याजवळ बसून सांग की तुला काय बघायचंय, काय शिकायचंय. मग तिच्या हातात कागद दे : संस्थेचं नाव आणि फोन, प्रशिक्षकाचं नाव, कोणत्या रात्री कुठे मुक्काम, चौघांच्या घरचे नंबर, चौघांचे रिपोर्ट. फ्रेंडशिप पीक या वेळी रद्द केलं, तेही सांग आणि का केलं ते सांग. तिची भीती तुझ्या एजंटच्या खात्रीपेक्षा जास्त खरी होती, हे तिच्यासमोर मान्य करायला हरकत नाही. एवढं करूनही ती नाही म्हणाली तर महिनाभर थांब आणि पुन्हा बोल. रात्रीच्या गाडीने न सांगता निघायचा विचार मनात आणू नकोस. तिकडे फोन न लागलेली एक रात्र तिला कशी जाईल, याचा विचार कर.

शिखराची इच्छा सोडू नकोस. त्याची वाट बेसिक माउंटेनिअरिंग कोर्सची. दार्जिलिंगची संस्था 1954 ची, उत्तरकाशीची 1965 ची, शिवाय मनाली, पहलगाम आणि अरुणाचलातलं दिरांग. कोर्स साधारण 26 ते 28 दिवसांचा असतो. उत्तरकाशीला आधी टेखलाच्या कातळावर दोरकाम शिकवतात, मग हिमनदीवर क्रॅम्पॉन घालून चालणं, घसरलं तर आइस-अ‍ॅक्स बर्फात रुतवून स्वतःला थांबवणं. हे हातांना सवयीचं झालं की फ्रेंडशिप पीक जूनमध्ये तुमच्याच वाटेला आहे, आणि तेव्हा एजंटला काय विचारायचं हे तुम्हांला कुणी शिकवावं लागणार नाही. महिनाभराची रजा मिळवणं नोकरदाराला सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून साहेबांच्या कानावर ते आत्तापासून घाल. जागा कित्येक महिने आधी भरतात, आणि अर्जाबरोबर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. सिकलसेलचा रिपोर्ट काढायला जाशील त्याच दिवशी तो फॉर्म छापून सोबत ने, काय काय तपासावं लागेल ते डॉक्टरांना दाखव, म्हणजे दुसरी खेप वाचेल.